त्रेचाळीस पायऱ्या

बसा. जेवण गार झालं तर होऊ दे, तुझ्या आईला मी सांगतो माझ्यामुळे उशीर झाला म्हणून. आधी मला एक सांगा, फाटकातून हाका कोणी मारल्या? तू? किती मारल्यास? तीन, आणि तिन्ही 'काका' म्हणून. बरोबर. मी ओ दिली नाही, तेव्हा म्हातारा पडला-बिडला की काय म्हणून दोघंही धावत आलात. मी पडलो नव्हतो. वीज गेल्यापासून इथंच खुर्चीत बसलोय. तुझा आवाज ओळखला आणि तरी गप्प राहिलो.

आणि चौथी हाक कोणाची होती? 'कानामात्रा' म्हणून? तुझी? जावईबापू, तुमची? नाही म्हणता. हा शब्दही कधी ऐकला नाही म्हणता. असू दे. माझ्या कानांना आता सत्तर वर्षं झाली. मेणबत्ती जरा इकडे सरकव, वारा लागतोय तिला.

अंधारात लांबून हाक आली तर मी ओ देत नाही. समोर यायचं, तोंड दाखवायचं आणि मग बोलायचं. तुझी आई याला माझा तऱ्हेवाईकपणा म्हणते, आणि तिच्यापुढे मी कधी वाद घालत नाही. पण जावईबापू नवीन आहेत. त्यांना वाटायचं, बायकोच्या काकांचा स्क्रू ढिला आहे. म्हणून आज सांगून टाकतो. ऐकीव नाही हं. माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या पेन्सिलीनं झाली.

मी प्रकाशकाकडे प्रूफं तपासायचो, हे तुम्हाला माहीत आहे. चाळीस वर्षं तेच केलं. लोकांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, याच्यासारखं सुख नाही. आमच्याकडे एक कादंबरीकार यायचे. मी त्यांना लेखकराव म्हणायचो, तोंडावर. ते मला कानामात्रा म्हणायचे. दुसऱ्या कोणीही मला हे नाव ठेवलेलं नाही, कोणाची टाप नव्हती. लेखकरावांचं सगळं लिखाण जुन्या काळावर. पडकी शहरं, ढासळलेल्या वेशी, वाळूत अर्धे बुडालेले खांब. पण घरात बसून लिहिणाऱ्यांतले नव्हते. जिथं प्रसंग घडतो तिथं स्वतः जायचं, पावलांनी, टेपनं मोजायचं. आणि एक खोड. जो प्रसंग ज्या वेळचा असेल, त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून पान मोठ्यानं वाचायचं. दुपारचं भांडण भर उन्हात वाचायचं, पहाटेचा निरोप पहाटे वाचायचा. म्हणायचे, "कानामात्रा, दगड खोटं ऐकून घेत नाहीत." मी म्हणायचो, दगड काहीच ऐकत नाहीत, म्हणून तर तुम्ही इतकं बोलता.

त्यांच्याबरोबर कायम त्यांचा धाकटा भाऊ असे. पन्नाशीचा, बिनलग्नाचा, यांच्याच घरी राहणारा. गाडी तोच चालवायचा, कारण लेखकराव गाडी चालवायला बसले की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा घरात जायची. मोजमाप घेताना टेपचं एक टोक धरून धाकटा तास-तासभर हलायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं खुंटी. लेखकराव हाक मारायचे, "खुंटी!" आणि कुठूनही, भिंतीमागून, खड्ड्यातून, झाडावरून, उत्तर यायचं, "ओ!" इतक्या वर्षांची सवय. हाक संपायच्या आधी ओ यायची.

आईवडील लवकर गेले होते. खुंटीला दादानंच वाढवलेलं. लहानपणी तो अंधाराला फार भ्यायचा. रात्री मागच्या अंगणात जायचं झालं की दादा दारात उभा राहायचा, आणि तो तिकडून हाक मारत राहायचा, "दादा", की हा इकडून "ओ". परत येईपर्यंत वीस वेळा. लेखकराव हे सांगताना हसायचे, आणि खुंटी पन्नाशीतही लाजायचा. हे लक्षात ठेवा.

तर एक कादंबरी छापायला आली. एका जुन्या, ओसाड शहराच्या वेशीवरची. त्या वेशीला लागून एक बुरूज आहे, आत अरुंद दगडी जिना. खालच्या दगडावर लेख कोरलेला. त्यात रात्रीच्या पहाऱ्याचा नियम आहे आणि पहारेकऱ्यांची सात नावं. सहा स्पष्ट आहेत. सातवं छिन्नीनं तासून काढलेलं. नियम असा, की वरचा माणूस खालच्याला हाक मारील, खालचा ओ देईल, मग वरचा उतरेल. ओ आली नाही तर उतरायचं नाही. एवढंच. लेखकरावांनी त्यावर गोष्ट रचली. सातवा पळून गेला, म्हणून त्याचं नाव तासलं. आणि सहावा वर वाट बघत राहिला. शहर उठून गेलं, वेस पडली, तरी त्याला कोणी ओ दिली नाही.

आता त्या सातव्याला नाव काय द्यायचं? लेखकरावांना पसंत पडेना. तोवर कामचलाऊ म्हणून त्यांनी घालून दिलं, खुंटी. शेवटच्या प्रूफात बदलू म्हणाले. मी प्रूफ वाचताना पोट धरून हसत होतो. हजारो वर्षांपूर्वीचा पहारेकरी, कमरेला तलवार, आणि नाव खुंटी.

हसता हसता मला एक चूक सापडली. तिसऱ्या प्रकरणात पहारेकरी बुरूज चढतो त्रेचाळीस पायऱ्या. एकोणिसाव्यात उतरतो एकेचाळीस. दोन पायऱ्या गेल्या कुठं? मला काय आनंद झाला म्हणून सांगू. समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'चढताना ४३, उतरताना ४१? शंका.' आणि त्याला गोल काढला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, करा दोन्हीकडे त्रेचाळीस. लेखकराव म्हणाले, "मोजून येतो."

ती शंका मी काढली नसती तर ते गेले नसते. हे मी कोणापुढे बोललो नव्हतो. आज बोललो.

नोव्हेंबरची एकवीस तारीख. बुधवारची रात्र सरून गुरुवार लागला होता. पायऱ्या दिवसाही मोजता आल्या असत्या, पण शेवटचा प्रसंग वाचायचाच होता, आणि तो रात्रीच्या शेवटच्या पहाऱ्याचा. आठ तासांचा रस्ता, दोघं भाऊ रात्री दोनला पोहोचले. चांदणं होतं. तिथला रखवालदार ओळखीचा झालेला, तो उठलाही नाही, खाटेवरूनच जा म्हणाला. आधी बुरुजाची उंची घेऊ असं ठरलं. खुंटी टेपचं टोक घेऊन जिना चढला. चढता चढता मोजत गेला, आणि वरून ओरडला, "दादा, त्रेचाळीस!" लेखकराव खालून म्हणाले, ठीक, आता टोक धरून उभा राहा, मी प्रसंग वाचून घेतो, मग उतरताना मी स्वतः मोजीन.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी घड्याळ बघूनच सुरुवात केली. डाव्या हातात टेपची डबी, उजव्या हातात प्रूफ, तोंडात बारीक बॅटरी. मग बॅटरी काढून काखेत धरली आणि वाचायला लागले. सहावा पहारेकरी वरून खाली वाकतो. वारा पडलेला आहे. तो आपल्या बदलीच्या माणसाला हाक मारतो.

आणि लेखकरावांनी त्या पहारेकऱ्याची हाक दिली, मोठ्यानं, जशी कागदावर होती तशी.

"खुंटी!"

आणि वरून आलं, "ओ!"

काय झालं ते कळायलाही त्यांना क्षणभर लागला. हसू आलं त्यांना. अरे, तुला नाही म्हटलं, पुस्तकातल्याला म्हटलं, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात टेप ताठ झाली.

म्हणजे आधी ती सैल लोंबत होती. आता ताठ झाली. कोणीतरी वर दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहावं, तशी. आणि जिन्यात पाऊल वाजलं...

त्यांना वाटलं खुंटीच उतरतोय. पण टेप तर ताठच होती. वर धरलेली.

पाऊल जड होतं. घाई नव्हती. थकलेला माणूस उतरतो तसं, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. थांबत. परत एक पायरी... लेखकराव जिन्याच्या तोंडाशी उभे. आत काळोख. त्यांना बाजूला व्हायचं होतं, होता येईना. पाऊल शेवटच्या पायरीवर आलं. जिन्यातून कोणी बाहेर आलं नाही. म्हणजे दिसलं नाही. फक्त त्यांच्या खांद्यावर एक हात पडला. हलकेच. पाळी संपवून घरी निघालेला माणूस नव्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो ना, तसा. मग पावलं वेशीतून बाहेर गेली. वाळूवरून. लांब.

मग काही नाही.

त्यांनी वर हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. शेवटी कसेबसे वर गेले. मोजायचं भान कोणाला? खुंटी कठड्याशी उभा होता, बाहेर तोंड करून. हातात टेपचं टोक. हलवलं, ओढलं, गालावर थापट्या मारल्या. हलला नाही. तांबडं फुटलं तेव्हा आपण होऊन वळला आणि म्हणाला, "चल दादा. गाडी मी चालवतो."

जावईबापू, हसू येत असेल तर हसून घ्या. मीही हसलो होतो. लेखकराव आठवड्यानं प्रेसमध्ये आले आणि हे सगळं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, प्रवासाचा शीण आहे, झोपेत चालतात तसं काहीतरी झालं असेल. ते म्हणाले, "घरी या एकदा. मुक्कामाला."

गेलो. वहिनींनी, म्हणजे लेखकरावांच्या बायकोनं, दार उघडलं आणि मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, बघाल तुम्हीच. खुंटी जेवला, माझ्याशी गप्पा मारल्या, माझी टिंगलसुद्धा केली. पण मी जाईपर्यंत महिना लोटला होता, आणि तेवढ्यात तो निम्मा झाला होता. शर्ट खिळ्याला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. रात्री अंथरुणावर पडला, डोळे उघडे. मी शेजारच्या पलंगावर. तीन दहाला उठला. चपला न घालता गच्चीवर गेला. मी मागोमाग. कठड्याशी उभा राहिला, बाहेर तोंड करून, दोन्ही हात पोटाशी, काहीतरी धरल्यासारखे. थंडी मी म्हणत होती आणि त्याच्या अंगात बनियन. मी म्हटलं, बाळा, आत चल ना.

तो वळला नाही. म्हणाला, "बदली आली नाही अजून."

मी आत येऊन वहिनींच्या समोर रडलो. लपवायचं काय त्यात? डॉक्टर झाले, झोपेच्या गोळ्या झाल्या. गोळी घेऊन तो उभ्या उभ्या डोळे मिटायचा, पण खाली बसायचा नाही. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, छाती इतकी कमजोर झाली आहे की असंच चाललं तर महिना-दीड महिना, फार तर. माणूस उभ्या उभ्या जाईल.

मग मला शहाणपण सुचलं. मला वाटलं, नावाचा घोळ आहे, तर नावच काढून टाकू. दोन दिवस दोन रात्री बसलो. सबंध कादंबरीत एकशे बारा ठिकाणी खुंटी होता. एकशे बारा ठिकाणी रेघ मारली. दुसरं नाव घालायची लेखकरावांची हिंमत होईना. म्हणाले, कोणतंही नाव घातलं तरी ते कोणा ना कोणाचं असणारच. म्हणून जागा कोऱ्या सोडल्या. त्या रात्री मी त्यांच्या घरी फोन लावून बसलो. तीन दहा... सव्वातीन... वहिनी फोनवर नुसत्या श्वास घेत होत्या. मग म्हणाल्या, "गेला गच्चीवर."

फेब्रुवारीत, सतरा तारखेला दुपारी, लेखकराव प्रेसमध्ये आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मला बरं वाटलं, म्हटलं काहीतरी उतार पडला असेल. त्यांनी प्रूफांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, तुमच्या खणात कुलपात ठेवा, मी येईपर्यंत कोणाला देऊ नका. त्या खणाची किल्ली एकच. तेव्हाही माझ्या चष्म्याच्या दोरीला असायची, आजही आहे. ही बघा.

मग म्हणाले, "आपण चुकलो, कानामात्रा. नाव खोडून काय होणार? त्यानं ओ दिली आहे. दिलेली ओ खोडता येत नाही."

मी म्हटलं, मग करायचं काय?

"नियम लिहिलेलाच आहे. वरच्यानं हाक मारायची. खालच्यानं ओ द्यायची. मग वरचा उतरतो."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. वाट्टेल ते बोललो. म्हटलं, वहिनींचा विचार केलात का, दोन शहाणी माणसं एका दगडावरच्या मजकुराच्या नादी लागून जीव द्यायला निघाली आहेत, लाज वाटू द्या. त्यांनी बोलू दिलं. मग हात सोडवून घेतला, रागानं नाही, आणि म्हणाले, "हाक त्या सहाव्याची होती, पण आवाज माझा होता. माझ्या आवाजाला भुलून माझ्या भावानं ओ दिली. आता ते निस्तरायचं मीच. आणि तसंही, माझ्या पायऱ्या मोजायच्या राहिल्यात."

दाराशी जाऊन वळले. हसले. "तुमची शंका अजून तशीच आहे, नाही का?"

पुढचं मला खुंटीनं सांगितलं. त्यालाही सलग आठवत नाही. गाडी दादानं चालवली, हे आठवतंय. कसे पोहोचलो देव जाणे, म्हणाला, तीनदा गाडी रस्त्याखाली उतरली. अठरा तारीख, मंगळवारची पहाट. चांदणं नव्हतं. दादानं त्याला जिन्याशी आणलं आणि खुंटी आपण होऊन वर चढला. पाय आपोआप चालले म्हणाला. कठड्याशी उभा राहिला. बाहेर बघत. वाट बघत.

मग खालून दादाचा आवाज आला.

"हाक मार."

त्याला हाक मारता येईना. का मारायची ते माहीत नव्हतं. कोणाला मारायची ते माहीत नव्हतं.

"मला भीती वाटतेय इथं," तो म्हणाला. वरून. अंधारातून.

"माहीत आहे. हाक मार मला. मी इथंच आहे."

पुष्कळ वेळ गेला... वारा नव्हता... खाली काही हललं नाही.

आणि मग त्यानं हाक मारली. जन्मात दादाला नावानं हाक मारली नव्हती. एकच हाक माहीत होती त्याला. लहानपणी अंगणाच्या टोकाशी उभा राहून मारायचा, तीच.

"दादा..."

"ओ."

पाय मोकळे झाले, म्हणाला. एकदम. कोणी बांधलेली दोरी सोडावी तसे. तो जिन्याकडे वळला आणि भिंतीला धरून उतरायला लागला. फार थकलेला. एकेका पायरीवर दोन्ही पाय. मध्यावर कोणीतरी वर चढत होतं. त्यानं बाजू दिली. जिना अरुंद. अंगाला अंग घासलं. इस्त्रीच्या शर्टाचा वास आला. खुंटीनं जाता जाता त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"का ठेवला, मला माहीत नाही," तो मला म्हणाला. "मला वाटलं, ठेवायचा असतो."

तो वेशीतून बाहेर पडला, वाळूवरून चालत सडकेवर आला आणि पहिल्या बसनं घरी आला. वहिनींनी विचारलं, हे कुठे आहेत? तो म्हणाला, दादा येतोय मागून. आणि अंथरुणावर पडला. दोन दिवस झोपला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. वहिनी त्याच्या उशाशी बसून होत्या, एकीकडे तो घोरतोय म्हणून आनंद, आणि दुसरीकडे दाराकडे डोळे.

लेखकराव सापडले नाहीत. गाडी तिथंच उभी होती, किल्ली आत. पोलिसांनी बुरूज पाहिला, विहिरी पाहिल्या, वाळू उपसली. रखवालदाराला पाच वेळा बोलावलं. त्यानं एकच सांगितलं, की त्यानं रात्री कोणीतरी लहान मुलासारखी हाक मारलेली ऐकली. खुंटी जगला. आता त्याची तब्येत चांगली आहे. वहिनींना तोच सांभाळतो. पण रोज संध्याकाळी दिवे लागले की तो घराची सगळी दारंखिडक्या लावून घेतो, आणि वहिनी त्याला काही म्हणत नाहीत.

काय? संपली का? जवळजवळ.

मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे अठरा तारखेलाच, वहिनींचा फोन आला की खुंटी एकटाच परत आलाय. मी प्रेसमध्ये होतो. सगळे गेले होते. मी खणापाशी गेलो. कुलूप होतं तसं होतं. चष्म्याच्या दोरीची किल्ली काढली, खण उघडला. गठ्ठा मी बांधला होता तसाच होता, माझी गाठ, दोन वेढ्यांची. सोडली. एकोणिसावं प्रकरण काढलं.

ते पान मी पुढे गठ्ठ्याबरोबर परत केलं नाही. कादंबरी छापलीच गेली नाही, त्यामुळे कोणी मागितलंही नाही. ऊठ जरा, त्या कपाटात वरच्या फळीवर निळी फाइल आहे. आण. नाही, तू नको, जावईबापू आणतील.

इकडे धरा उजेडात. ही माझी पेन्सिल. 'चढताना ४३, उतरताना ४१? शंका.' हा माझा गोल. सतरा तारखेला दुपारी मी गठ्ठा आत ठेवला, तेव्हा समासात एवढंच होतं. मी शपथेवर सांगतो. चाळीस वर्षं समासच बघतोय मी, तिथलं टिंबसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही.

आणि खाली ही हिरवी शाई. हिरवी शाई फक्त ते वापरायचे. अक्षरही त्यांचंच, त्यांचा 'ळ' असाच लोळायचा. वाच तू. मोठ्यानं नको. मनातल्या मनात वाच.

'कानामात्रा, चढताना ४३ बरोबर. उतरलो की कळवतो.'